गो, वेंट, गॉन

"गो म्हंजी जाणं. वेंट म्हंजी गेला. आन् गॉन?" भाकरी परतता परतता गोजरबाईंनी विचारलं.

"गॉन म्हणजेपण गेलाच, आत्या. पण तो एकटा येत नाही, त्याच्या आधी हॅज लागतं." प्रतिभानं दुधाच्या किटलीचं झाकण दाबून बसवलं. सून बारावी झालेली होती. "बंटी हॅज गॉन टू स्कूल. म्हणजे आपला बंटी शाळेत गेलाय, अजून आला नाही."

"आन् ह्यो वेंट कुठनं आला ह्यांच्यात? गो आन् गॉन एका घरातलं वाटत्यात. ह्यो पावणाच दिसतोय."

"ते तसंच आहे. पाठ करायचं."

गोजरबाईंचा हात थांबला. "आगं, आपलंबी तसंच की! जा-चं 'जाला' कुठं म्हंतो आपण? गेला म्हंतो!" आणि त्या इतक्या खूश झाल्या, की तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपली.

मढच्या बाहेर, माळशेजच्या रस्त्याला त्यांचं घर. भात निघालं की डोंगर बघायला माणसं येत, म्हणून मागं दोन खोल्या बांधल्या होत्या. या खेपेचं जोडपं थेट इंग्लंडचं. मार्टिन आणि त्याची बायको एल्सा, दोघंही साठीच्या पुढची. पाहुण्यांशी सुनेनं बोलायचं आणि आपण बाजूला उभं राहून नुसतं हसायचं, हे गोजरबाईंना आता पटेनासं झालं होतं.

प्रतिभा किटली घेऊन डेअरीवर गेली. जरा वेळानं एल्सा खोलीतून बाहेर आली. एका हातात नवऱ्याचा फोन, दुसऱ्या हातात त्याच्या गोळ्यांची डबी. मार्टिनचं हार्टचं ऑपरेशन झालेलं होतं. काल जेवताना तिनंच छातीवर बोट ओढून ते सांगितलं होतं.

"मार्टिन?" तिनं विचारलं. तिची नजर अंगणभर फिरली.

गोजरबाईंचे मालक, भागूबाबा, उजाडताच मार्टिनला डोंगरावरच्या देवीला घेऊन गेले होते. एवढंच सांगायचं होतं. गोजरबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. मनात वाक्य जुळवलं. हॅज विसरायचं नव्हतं. देवीला इंग्रजीत काय म्हणतात ते काही आठवेना. देवाला काय म्हणतात ते माहीत होतं.

"मार्टिन हॅज गॉन टू गॉड," त्या म्हणाल्या आणि बोट वर केलं. डोंगराकडे.

कुठं अडखळल्या नव्हत्या. त्यांनी हसून एल्साकडे बघितलं.

एल्साच्या तोंडाचा रंगच उडाला. ती मटकन ओट्यावर बसली. डबी हातातून सुटली, पांढऱ्या-लाल गोळ्या शेणानं सारवलेल्या अंगणात पांगल्या.

"काय झालं बाई? बरं वाटंना का?"

एल्सानं फक्त वर बोट केलं.

गोजरबाईंनी आपलं वाक्य परत एकदा म्हणून बघितलं, या वेळी मराठीत. मार्टिन देवाकडं गेला.

"आगं बया बया!"

त्यांनी धावत जाऊन एल्साचे दोन्ही खांदे धरले. "नो नो! नो गॉन! न्हाई गेला, बाई! तसा न्हाई गेला!" भागूबाबा बाजारला निघाले तरी दारातून 'जातो' म्हणायची सोय नव्हती. 'येतो' म्हणा, अशी गोजरबाईंची सक्त ताकीद. आणि आज आपल्याच तोंडून काय निघालं हे! "मार्टिन गो-कम! गो-कम!"

एल्साला काही कळेना. मग गोजरबाईंनी आपला डावा हात पुढं धरला. उजव्या हाताची दोन बोटं मनगटापासून चालायला लागली, दमत, थांबत, कोपरापर्यंत चढली. तिथं गोजरबाईंनी डोळे मिटून हात जोडले, तोंडानं घंटा वाजवली. आणि तीच बोटं टुणटुण उड्या मारत परत खाली तळहातावर आली.

"गो, आन् कम. मार्टिन, माजं मालक, दोगंबी."

"कमिंग?" एल्सानं विचारलं.

"कमिंग! कमिंग!"

एल्सानं गोजरबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. आधी ती रडली, मग रडता रडताच हसायला लागली. तिला हसताना बघून गोजरबाईंना हसू आवरेना. दोघी मिळून गोळ्या वेचायला बसल्या. वेचलेली प्रत्येक गोळी एल्सा फुंकून डबीत टाकत होती.

तेवढ्यात बांधावरून दोघं उतरताना दिसले. पुढं भागूबाबा, मागं काठी टेकत मार्टिन. दोघांच्या कपाळांवर भंडारा, मार्टिनच्या गुडघ्यांपर्यंत ओढ्याचा चिखल, आणि चेहरा मात्र लग्नाहून आल्यासारखा.

एल्सा उठली. ताडताड चालत गेली आणि बोलायला लागली. तिच्या बोलण्यातलं एकही क्रियापद गोजरबाईंना ओळखू आलं नाही. बोलणं मात्र शब्द न् शब्द कळलं. त्याही पदर खोचून तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"आन् तुमाला काय कळतं का वो? त्या मान्साला हार्टचा तरास, आन् तुमी त्याला डोंगर चढवताय? त्याच्या बायकूला इचारायचं व्हतं का न्हाई?"

दोन्ही पुरुष गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून, खाली मान घालून उभे होते. मार्टिननं हळूच डोळ्याच्या कोपऱ्यातून भागूबाबांकडे बघितलं.

"यस म्हना, पावणं," भागूबाबा ओठ न हलवता पुटपुटले. "नुसतं यस, यस."