सुतकातली बंदूक

"सुतकात बंदूक घ्यायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," आश्लेषा म्हणाली.

काउंटरवरच्या चार एअर रायफली केदार आळीपाळीने उचलून बघत होता. वडील जाऊन तीन दिवस झाले होते. बहीणभाऊ इंडियन ग्रोसरीतून काळे तीळ घेऊन केदारच्या बॉथेलमधल्या घरी परतत होते, आणि त्याने मध्येच गाडी या दुकानाकडे वळवली. कारण विचारलं तर म्हणाला, ससे. बाबांनी परसात लावलेली मेथी ससे फस्त करत होते आणि दहाव्याच्या पानात त्याला तीच मेथी वाढायची होती.

दुकानदार पांढऱ्या दाढीचा सज्जन गृहस्थ होता. त्याने सशासाठी थोडी महाग, पण आवाज न करणारी बंदूक सुचवली. एका नेमात काम होतं, जनावर तडफडत नाही, बाकीचे ससेही बिथरत नाहीत. केदारने कोपऱ्यातली सगळ्यात स्वस्त उचलली. दुकानदाराने भल्या मनाने पुन्हा समजावलं, की हिच्यात जोर नाही, वीस पावलांपुढे ससा नुसता दचकेल आणि आवाज मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जाईल. चालेल, केदार म्हणाला आणि छऱ्यांची एक डबी मागितली.

"कंजूष," आश्लेषा मराठीत पुटपुटली. "जीव घ्यायचा तोही सेलमधला."

गाडीत बसल्यावर खरा विषय निघालाच. आई आता कोणाकडे राहणार? सहा वर्षं त्याने आईबाबांना सांभाळलं होतं. दवाखाने, पथ्यं, रात्रीची जागरणं, सगळं. आता आईला तुझ्या शहरात, नोव्हायला, घेऊन जा, असं तो बहिणीला पहिल्या दिवसापासून सांगत होता. ती नोव्हायला एका कार कंपनीत होती, महिन्यातले दहा दिवस प्लांटच्या दौऱ्यावर, आणि राहायला एक बेडरूमचं घर.

"तुझं घर मोठं आहे यार," ती म्हणाली.

"म्हणून शिक्षा मलाच?"

"आई म्हणजे शिक्षा आहे का?"

"नाही ना? मग ने."

आईला, सुवर्णाबाईंना, कोणी विचारलं नव्हतं. त्यांना बॉथेल सोडायचं नव्हतं हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर कोणी विचारत नव्हतं. असली सोयीची बहिरेपणं शिकल्यासवरल्या घरांत फार असतात.

दुसऱ्या दिवसापासून केदार ऑफिसच्या कॉल्सआधी बंदूक घेऊन परसात उतरू लागला. फाट. जरा वेळाने पुन्हा फाट. आश्लेषा वरच्या खोलीत लॅपटॉपपुढे कान झाकून बसायची. आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा पीत बसायची आणि परसात बघत राहायची. मेथी रोज कमी होत गेली. ससा एकही पडला नाही. आश्लेषाने यावरून जेवताना रोज एक टोमणा मारला, आणि बहीणभावांत तेवढंच बोलणं उरलं.

दहाव्या दिवशी गुरुजी आले. ते एरवी जवळच्या रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये होते आणि दुपारी त्यांची मीटिंग होती. त्यांनी भाताचे पिंड परसातल्या टेबलावर मांडले. शेजारी बाबांच्या आवडीचं पान वाढलं, त्यात मेथी विकतचीच होती. कावळ्याची काळजी करू नका, ते म्हणाले. बॉथेलमध्ये संध्याकाळी कावळ्यांनी आभाळ काळं होतं. इथे पाच मिनिटांत पिंडाला कावळा शिवतो, असा त्यांचा अनुभव होता.

केदार टेबलाशेजारी हात जोडून उभा राहिला. कावळे आले, कुंपणावर बसले, देवदारावर बसले, नुसता कालवा केला. खाली एकही उतरला नाही.

अर्धा तास गेला. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर ती पुरी करण्याचा शब्द द्या, गुरुजी म्हणाले. केदारने दिला. बाबांच्या नावाने देणगी देईन, वर्षश्राद्ध भारतात जाऊन करीन. कावळे ओरडत राहिले. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करून शिवू या, असं सुचवलं. शास्त्राला ते चालतं.

"नको," केदार म्हणाला. "बाबांचा जीव कशात अडकलाय ते इथे सगळ्यांना माहीत आहे."

त्याने बहिणीकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

आश्लेषाचा असल्या गोष्टींवर कॉलेजपासून विश्वास नव्हता. पण बाबा दर रविवारी फोन करायचे आणि शेवटच्या दोन रविवारी तिने तो उचलला नव्हता. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. आता पाऊस भुरभुरत होता, भात भिजत होता आणि तासाभरात एवढ्या कावळ्यांतला एकही तिच्या बापाच्या पिंडाकडे येत नव्हता. ती ओल्या गवतात गुडघ्यांवर बसली. तिला हुंदका आवरेना.

"बाबा, मी नेते आईला," ती म्हणाली. "माझ्याजवळ ठेवते, शेवटपर्यंत. शब्द देते. आता तरी या."

केदारने डोळे मिटून सुस्कारा सोडला. कावळे जागचे हलले नाहीत. गुरुजी गोंधळले.

आई खुर्चीतून सावकाश उठली. तिने लेकीला हाताला धरून उभं केलं, पदराने तिचं तोंड पुसलं. मग ती लेकाकडे वळली.

"केदार, तू आता घरात जा," ती म्हणाली. "आठवडाभर या कावळ्यांवरच छर्रे झाडलेस. तुझं तोंड दिसतंय तोवर एकही खाली यायचा नाही."