नेसलेल्या साड्या

नवऱ्याचं दिवसकार्य उरकलं आणि सासूबाईंनी माझ्या सगळ्या रंगीत साड्या पन्हाळ्याच्या पायथ्याला असलेल्या आमच्या भुईमुगाभोवती बांधल्या. "तुला आता काय करायच्यात? नेसलेल्या साडीला माणसाचा वास असतोय, रानडुकरं फिरकत न्हाईत," म्हणाल्या. विधवा प्रथा बंद केल्याचा ठराव ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलाय; आमच्या घरात तो कुणी वाचलेला नाही.

डुकरं खरंच फिरकली नाहीत. पण ऊन-पावसानं साड्या विटल्या, वास उडाला, आणि एका पहाटे कळपानं अर्धं रान नांगरल्यासारखं उकरून टाकलं. वर्षाचं पोट त्याच रानावर होतं. उपटलेले वेल छातीशी धरून सासूबाई बांधावर रडत बसल्या. रडून घसा बसला तशा उठल्या, कुंपणाची हिरवी साडी सोडली आणि माझ्या हातात कोंबली.

"प्रीते, नेस ही. चार दिस अंगावरनं काढू नगंस. वास लागला की परत बांधू."



चार दिवसांनी ती साडी कुंपणाला गेली, तेव्हापासून मी डुकरांची वाट बघतेय.