पुठ्ठ्याचं घड्याळ

ओझरच्या कारखान्यातून दादा घरी आला, तेव्हा त्याची धाकटी बहीण योगिनी पुठ्ठ्याच्या घड्याळाचे काटे फिरवत त्याच्या लेकीला वेळ शिकवत होती. ते घड्याळ पाहून नेहमीसारखाच तो ओशाळला. बारावीनंतर त्याच्याच बुटांचं खोकं कापून तिनं ते बनवलेलं, डी.एड. करून तिला चिमुरड्यांना शिकवायचं होतं. “पहिलीच्या पोरांची नाकं पुसत बसणार का? बी.एड. कर, मान मिळेल,” तो डाफरला होता. तिनं बी.एड. केलं. आता पहिलीला बी.एड. चालत नाही आणि वरच्या वर्गांची भरती निघत नाही. ती कापडाच्या दुकानात बिलं फाडते. “आत्या, तू आमच्या शाळेत बाई का नाही झालीस?” पोरीनं विचारलं. बुटाची नाडी सोडताना दादाचा हात थबकला. योगिनीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. “मला लहान मुलांचा कंटाळा येतो गं,” म्हणत तिनं ओढणीनं पोरीचं नाक पुसलं.