उघडी खिडकी

"भालेराव, दाराला कुलूप घातलंत आणि खिडकी उघडीच ठेवलीत. पुन्हा बघा."

बेळगावच्या लीलाताई दातार मेलवर अशाच झोडायच्या. दोघं संगणकाचा कर्नल, म्हणजे सगळं यंत्र चालवणारा मुळातला प्रोग्राम, लिहिणाऱ्या एकाच गटातले, पण बारा वर्षांत गाठ अशी पडलीच नाही. तरी भालेरावांनी लिहिलेली ओळ न् ओळ वाचणारं जगात तेवढं एकच माणूस होतं. मार्चमध्ये त्या गेल्या.

कर्नलजवळ सगळ्या मेमरीचा नकाशा असतो. पासवर्ड ठेवलेली पानं, म्हणजे मेमरीचे तेवढे तुकडे, त्या नकाशातून काढून टाकली, की चोर कर्नलपर्यंत पोचला तरी त्याच्या हाती काही लागत नाही. त्या गेल्यानंतर हे काम पुरं करून भालेरावांनी गटाकडे पाठवलं. पाच तरुणांनी "छान, सर" म्हटलं आणि दुपारपर्यंत ते मंजूरही झालं. कुणी एक शब्द खोडला नाही. त्या दिवशी त्यांना घर खायला उठलं.

आठवडाभर चैन पडेना. शेवटी ते लीलाताईंनी कधीतरी मेलवर सांगितलेल्या रीतीने वाचायला बसले. शेवटच्या ओळीकडून पहिलीकडे, एकेका ओळीवर बोट ठेवून. चाळिसाव्या ओळीशी बोट थांबलं. पासवर्डांचं एक पान नकाशात तसंच राहिलं होतं.

त्यांनी लगेच दुरुस्ती लिहिली. तिच्याखाली चूक दाखवणाऱ्याचं नाव घालायचा गटाचा रिवाज होता. त्यांनी लिहिलं, लीला दातार.

संध्याकाळी एका तरुणाने विचारलं, "सर, त्या तर मार्चमध्येच वारल्या ना?"

"हो," भालेरावांनी कळवलं. "पण खिडकी त्यांनीच दाखवली."