भिंतीकडचं मशीन

वर्ना आत आली आणि नऊ चांगली मशीनं ओलांडून थेट भिंतीकडच्या दहाव्या मशीनवर जाऊन बसली. लांबून बघणाऱ्या डॅनिलोने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, तिथे नको," तो पुटपुटला. "ते सोडून कुठेही बसा."

पुटपुटण्यापलीकडे त्याला काही करता येत नव्हतं. 'कॉपर म्यूल' कॅसिनोची सगळी मशीनं त्याच्या हाताखाली होती आणि कालच त्याने आपल्या साहेबाशी, कॉर्बिनशी, पैज लावली होती. लास व्हेगसच्या झगमगाटापासून दूर, बोल्डर हायवेवर असलेल्या या कॅसिनोत पर्यटक फिरकत नाहीत. येतात ती आसपासची पेन्शनीतली मंडळी, आणि त्यांचा सगळा जीव या दहा पोकर मशीनांवर. पडद्यावर पाच पत्ते येतात, हवे ते ठेवायचे, नको ते बदलायचे. फुल हाऊस, म्हणजे तीन सारखे आणि एक जोडी, जमलं की एका नाण्याला नऊ; फ्लशला, म्हणजे पाचही एकाच जातीचे आले की, सहा. डोकं ठिकाणावर ठेवून खेळलं तर माणूस जवळजवळ बरोबरीत सुटतो. पेन्शनीत बसेल अशी करमणूक आता उरलीय कुठे?

"बाकी सगळ्यांनी केव्हाच नवाचे आठ आणि सहाचे पाच केलेत," कॉर्बिन म्हणाला होता. "आपण काय धर्मशाळा उघडलीय?"

"माणसं उठून जातील."

"जातील कुठे? सगळीकडे तेच आहे. अरे, लोक खुर्चीला चिकटतात, आकड्यांना नाही. काचेवर धडधडीत लिहिलेलं असतं. वाचतो कोण?"

"मिस वर्ना वाचतात."

कॉर्बिन हसला. "मग ठरलं. एकच मशीन बदलू आणि महिनाभर बघू. तुझी वर्ना त्याच्यापासून लांब राहिली तर रांगेला हात लावणार नाही. तीच तिथे बसली, तर बाकीची नऊही बदलायची. आणि तिला सांगायचं नाही हं!"

डॅनिलोने आनंदाने हात पुढे केला होता. वर्नाने उभं आयुष्य ब्लॅकजॅकच्या टेबलावर पत्ते वाटण्यात घालवलेलं. पाच पत्ते दिसायचा अवकाश, कुठले ठेवायचे हे डोळ्यांआधी तिच्या बोटांना कळायचं. शेजारचा लेस्टर भलताच पत्ता धरून बसला, की ती मान न वळवता म्हणायची, "लेस्टर, ती राणी सोड. तुझ्या बायकोनेसुद्धा तुला इतकं छळलं नसेल." तिचा खेळ बघायला डॅनिलो मुद्दाम त्या रांगेतून चक्कर मारायचा. अशी बाई आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेईल?

आणि ती रोज मारून घेत होती. ती चालत यायची, बाकीची मंडळी बसने. त्यामुळे सकाळी दहाही खुर्च्या तिला मोकळ्या असत. ती प्रत्येक मशीनपुढे थांबायची, चष्मा सावरून काचेकडे बघायची, आणि नेमकी जाऊन भिंतीकडे बसायची. मग बस यायची, बघता बघता रांग भरायची. सगळ्यात शेवटी धापा टाकत इमोजिन यायची आणि उरलेल्या खुर्चीत कोसळायची.

एकदा डॅनिलोला राहवलं नाही. फडकं घेऊन तो भिंतीकडच्या मशीनची काच पुसू लागला. आठाच्या आकड्यावर फडकं उगाचच घोटाळलं.

"काच धुरकट झालीय का हो, मिस वर्ना?"

"स्वच्छ आहे रे. तू कॉफी सांग मला."

नुसती कॉफीच. पूर्वी खेळ संपला की ती अंडी आणि बेकनची भरपेट न्याहारी मागवायची. डॅनिलोला वाईट वाटलं आणि रागही आला. म्हातारी झाली, नजर गेली, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली.

महिना संपला. कॉर्बिनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "जिला कळतं तीच बसून राहिली. बाकीचे काय उठणार, कपाळ?"

दुसऱ्या दिवशी वर्ना आली तेव्हा दहाही मशीनं बदलून झाली होती. तिने पहिली काच वाचली, दुसरी वाचली. शेवटपर्यंत गेली आणि उभीच राहिली. डॅनिलो तरातरा तिच्याकडे निघाला. तुमच्यामुळे गेली ही सगळी, एवढंच त्याला तिला सुनावायचं होतं.

"डॅनिलो, सगळीच?"

"सगळीच. तुम्हाला काय फरक पडतो? महिनाभर याच आकड्यांवर तर खेळत होतात! दिसलं नाही तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग दुसरीकडे बसला का नाहीत?"

"आणि ते कुणाच्या गळ्यात घालू? बस आली की दहाही खुर्च्या भरतात. शेवटी उरणार ते इमोजिनला. बिचारीला अजून फुल हाऊस ओळखता येत नाही, ती तर धुऊन निघाली असती. माझं हरणं निदान बेताचं असतं." वर्नाने चष्मा काढून बाहीला पुसला. "म्हटलं, यांना एक मशीन हवंय ना, घेऊ देत. एक मी सांभाळते. बाकीची नऊ वाचतील."

एवढ्या मोठ्या मनाचं माणूस त्या दारातून आत येताना डॅनिलोने आजवर पाहिलं नव्हतं. जिभेवर आलेलं वाक्य त्याने गिळलं. बाहेर बस थांबल्याचा आवाज आला. त्याने वर्नासाठी खुर्ची ओढली.

"वाचली ना," तो म्हणाला. "महिनाभर तुमच्यामुळेच वाचली, मिस वर्ना."