बांधलेली पेटी

वादळानं मोडलेल्या वाड्यांमध्ये तीन दिवस दवाखाना चालवायला पुण्याच्या चर्चचं पथक मालवणात आलं होतं. उद्याच्या दवाखान्यासाठी औषधांच्या पेट्या बांधून झाल्या होत्या. दुभाषी म्हणून आलेली गोदूबाई पथकातल्या एकेकाला बांगडे निवडावेत तशी पारखत होती. वादळात अडकलेली तिच्या मुलाची होडी नऊ दिवस परतली नव्हती, पण हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. "डॉक्टरबाय, 'कशी आसस?' विचारू नको. आमची माणसां मरतली, पण 'बरां आसा' म्हणतली. 'रातीक झोप लागता?' असा विचार." डॉक्टर रूथनं वहीत लिहिलं, पुणेरी उच्चारात मोठ्यानं घोकलं. "ह्यां ऐकान पेशंट पळतलो गो!" गोदूबाई खदखदली. "मग तुमच्यावरच सराव करते," रूथ तिच्यासमोर बसली. "रातीक झोप लागता?" गोदूबाईचं हसू थांबलं. पदर सावरत ती म्हणाली, "माका? बरां आसा." रूथनं वही मिटली आणि बांधलेली पेटी उघडली.