आडवी बाटली

उद्या गावातल्या दारूच्या दुकानावर बायकांचं मतदान होतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. शिरूरला एम.ए. करणारी तेजश्री सासूला, दगडाबाईंना पुस्तकातलं सांगत होती.

"अमेरिकेतल्या बायका गुत्त्यापुढं बसून देवाची गाणी म्हणायच्या, आत्या. शेवटी देशभर बाटली आडवी झाली."

"आन् मग?"

तेजश्री घुटमळली. खरं सांगितलं, तर आत्या उद्या घरातून हलायच्याच नाहीत.

"तेरा वर्षांनी परत उभी राहिली."

नवऱ्यानं परवा पिऊन पिरगाळलेलं मनगट दगडाबाई चोळत राहिल्या.

"तेरा वर्सं त्या बाया निवांत झोपल्या, व्हय गं? उद्या सकाळच्या धारा तू काढ. मला रांगेत पहिलं उभं ऱ्हायचंय."